नवा विस्तार अजिबात घेऊ नकोस

माझ्या वयाच्या माणसाला मधुमेह असावा, गुडघेदुखी असावी, फार तर शेअर बाजाराचा नाद असावा. मला साम्राज्यांचा नाद आहे. कचेरीतून घरी आलो, चहा झाला, की मी लॅपटॉप उघडतो आणि थेट पाषाणयुगात जातो. हाताशी एक टोळी, दोन योद्धे आणि समोर धुक्याने झाकलेली पृथ्वी. तिथून गाव वसवायचं, शेती करायची, चाक शोधायचं, शेजारच्या राजाला गोड बोलून गुंडाळायचं आणि जेवणाची हाक येईपर्यंत निदान तोफांपर्यंत पोचायचं. डावपेचांचे खेळ म्हणतात याला. मी पन्नाशी ओलांडलेला सरकारी कारकून आहे आणि माझ्या नावावर आजवर बावीस संस्कृती जमा आहेत. त्यातल्या तीन बुडाल्या. बाकीच्या ठीक चालल्या आहेत.

या खेळांबद्दल माझी मतं अत्यंत ठाम आहेत आणि ती मला कोणी विचारत नाही, म्हणून इथे सांगून घेतो.

पहिलं मत असं, की खेळ दोन जातींचे. एकात सगळे एकदम धावतात. मी धान्याचं कोठार नदीकाठी बांधावं की टेकडीवर, याचा शांतपणे विचार करत असतो, तेवढ्यात जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातलं शाळकरी पोर माझा राजवाडा पेटवून पुढच्या गावाला गेलेलं असतं. दुसऱ्या जातीत पाळी असते. माझी पाळी आली की अख्खं जग हात बांधून उभं राहतं. राजे थांबतात, समुद्र थांबतो, मी चहा ढवळतो. इतकं सौजन्य मला कचेरीत कधी कोणी दाखवलेलं नाही. म्हणून मी पाळीचाच खेळ खेळतो.

दुसरं मत यंत्राने चालवलेल्या राजांबद्दल. तोंडावर हसू, भाषेत मैत्री आणि सैन्य आपल्या वेशीवर. काही खेळाडू यावर फार चिडतात, लांबलचक तक्रारी लिहितात. मी सरकारी नोकरीत केस पांढरे केले आहेत. मला ते राजे घरचे वाटतात.

तिसरं मत हे माझं खरं संशोधन. मूळ खेळ आला की वर्ष-दीड वर्षाने कंपनी त्याला जोड काढते. नवे राजे, नवे नियम, नवी संकटं, आणि त्याचे पैसे अर्थातच वेगळे. पहिली जोड म्हणजे आमटी. ती मुळात पानात असायलाच हवी होती, पण यांनी भात आधी विकला आणि आमटी नंतर. तरी मी घेतो, कारण कोरडा भात किती दिवस गिळणार? दुसरी जोड म्हणजे कोशिंबीर, लोणचं, पापड. इथे पान भरतं, इथे खेळ खरा रंगतो, आणि इथेच हात धुवून उठावं. तिसऱ्या जोडीपर्यंत स्वयंपाक्याला काही सुचेनासं झालेलं असतं. मग तो पूर, ज्वालामुखी आणि रोगराई वाढायला घेतो.

हे सगळं ऐकून घेणारा या भूतलावर एकच माणूस आहे. माझा कॉलेजातला मित्र, रत्नागिरीला बँकेत असतो. त्यालाही हाच रोग. आम्ही आठवड्यातून दोनतीनदा फोनवर राज्यकारभाराची चर्चा करतो. पण चोरून. कारण मी एकदा भाबडेपणाने कचेरीत सांगून बसलो होतो की मी घरी गेम खेळतो, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी फाइलवरून नजर वर न उचलता, अरे वा, नातू किती वर्षांचा झाला, असं विचारलं. मला नातू नाही. पुण्याला नोकरी करणारी एक मुलगी आहे, तिचं अजून लग्नही व्हायचं आहे. मी म्हणालो, तीन वर्षांचा. त्यानंतर वर्षभर मी त्या नातवाच्या तब्येतीची उत्तरं देत होतो.

तेव्हापासून मित्राने आणि मी गेम हा शब्दच उच्चारायचा नाही असं ठरवलं. सगळं मराठीत, भारदस्त. सैन्याला म्हणायचं माणसं. यंत्राच्या राजांना म्हणायचं पार्ट्या. आणि त्या वेगळ्या विकायच्या जोडीला आम्ही शब्द ठेवला, विस्तार. पहिला विस्तार, दुसरा विस्तार. ऐकणाऱ्याला वाटावं की दोन जबाबदार गृहस्थ एखाद्या शासकीय योजनेवर बोलत आहेत. मला या शब्दाचा फार अभिमान होता. तो मी सुचवला होता.

आणखी एक सवय सांगतो, तिच्यामुळे घात झाला. खेळ आपल्या गावांना परकी नावं देतो. मी ती बदलून आमच्या आसपासच्या गावांची देतो. माझ्या सगळ्या राज्यांची राजधानी सिल्वासा असते. पाण्याकाठी दुधनी, तिथून होड्या सुटतात. खेरडीला शेती. आणि रांधा मी नेहमी नदीच्या वळणावर वसवतो. आपल्या भागाला जगाच्या इतिहासात जागा मिळावी, एवढाच हेतू.

आमच्या घरात फोनला रेंज फक्त गॅलरीत. मी तिथे उभा राहून बोलतो. माझ्या बायकोच्या मते मी बोलत नाही, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. गावच्या गणपतीतल्या नाटकांत मी सलग काही वर्षं राजा होतो, तो आवाज अजून उतरलेला नाही. आणि आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली पहिल्या मजल्याची गॅलरी आहे.

त्या पहिल्या मजल्यावर शहाद्याकडचं एक जोडपं राहतं. तो प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर, ती घरी ब्लाउज शिवते. तो मला साहेब म्हणतो, ती भाऊ म्हणते. शेताच्या घरात वाढलेली बाई, आणि इथे इतकी वर्षं दीड खोलीत. दर उन्हाळ्यात ती बिबड्या करते, ज्वारीचे जाड खानदेशी पापड, आणि ते वाळवायला गच्चीवर कापड अंथरते. मग कोणीतरी कुरकुरतं की गच्ची सगळ्यांची आहे. ती कापड दुमडून अर्ध्यात आणते. तिला परस हवा होता. दुसरं काही नाही, घरामागे आपली म्हणता येईल अशी जमीन.

गेल्या वर्षी त्यांनी घर शोधायला घेतलं आणि रांध्याला ते सापडलं. दोन खोल्यांचं बैठं घर, मागे परस, परसात आंबा. तिने जिन्यात माझ्या बायकोला त्या आंब्याच्या फांद्या हाताने हवेत काढून दाखवल्या. झोका कुठे, शिलाई मशीन कुठल्या खिडकीशी, बिबड्यांचं कापड कुठे. मी भाजीची पिशवी घेऊन मागे थांबलो होतो. नवऱ्याने मला विचारलं, साहेब, रांधा कसं वाटतं? मी म्हणालो, चांगलंच आहे, बघून सांगतो. काय बघणार होतो देव जाणे. सरकारी माणसाच्या तोंडून ते आपोआप येतं.

त्याच दिवसांत तिसरा विस्तार निघाला. मी पहिल्याच दिवशी घेतला आणि पार चिडलो. आयुष्यात कधी नव्हता इतका पूर. नदीच्या वळणावरचं माझं रांधा आठ पाळ्यांत दोनदा वाहून गेलं. मी गॅलरीत जाऊन मित्राला फोन लावला आणि राजाच्या आवाजात सांगितलं, की नवा विस्तार अजिबात घेऊ नकोस. मी पैसे घालून बसलोय. रांधा गेलं, दोनदा बुडालं, आता तिथे एक वीट लावणार नाही. खेरडी उभी आहे पण माणसं बंडाला आली आहेत. वर ज्वालामुखी. तुला घ्यायचाच असेल तर थांब, भाव पडेल. मित्र म्हणाला, भाव कधी पडेल? मी म्हणालो, दिवाळीला, माझ्याकडे आतली माहिती आहे.

आतली माहिती म्हणजे कंपनी दर दिवाळीला सूट देते, एवढंच.

पुढच्या रविवारी सकाळी खालचा गृहस्थ फाफडा-जिलबीचा पुडा घेऊन वर आला. बसला नाही, उभाच. म्हणाला, "साहेब, तुमचे उपकार. तो विस्तार आम्ही कॅन्सल केला."

मी हरखलो. मला खरंच वाटलं की आपल्या खालीच एक खेळाडू राहतो आणि आपल्याला पत्ता नाही. मी म्हणालो, उत्तम केलंत, पैसे वाचले. तो म्हणाला, "मी हिला तेच सांगी राहिलो. साहेबांनी कोणाला तरी फोनवर सांगितलं, आपण ऐकलं, नशीब समज. साहेब आपल्याला तोंडावर सांगू शकत नाहीत, सरकारी माणूस आहेत."

मी म्हणालो, सरकारचा यात काय संबंध?

"नाही कसा? धरणाचं पाणी सोडणार ते सरकारच ना?" मग त्याने आवाज खाली आणला. "ते ज्वालामुखीचं मात्र आम्हाला नाही समजलं साहेब. मी म्हटलं, बॉयलरवाली कंपनी येत असेल."

जिलबी माझ्या तोंडात होती. ती तशीच राहिली.

तुम्ही सिल्वासात राहत नसाल तर सांगायला हवं. इथे विस्तार म्हणजे भाग, वस्ती. हा अर्थ गुजरातीतला. रिक्षावाला विचारतो, कोणता विस्तार? बायका एकमेकींना विचारतात, तुमच्या विस्तारात पाणी किती वाजता येतं? खानदेशातून आलेला, कोकणातून आलेला, वर्षभरात प्रत्येकजण तो शब्द उचलतो. मी उचलला नाही, कारण मी शुद्ध मराठी बोलतो. माझ्या शुद्ध मराठीने वरच्या मजल्यावरून खाली सांगितलं होतं की नवी वस्ती घेऊ नका, रांधा दोनदा बुडालं आहे, तिथली माणसं बंडाला आली आहेत आणि दिवाळीला भाव पडणार.

त्याच्या मागे जिन्यात ती उभी होती. आत आली नव्हती. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला बघवेना. तिने फक्त विचारलं, "भाऊ, दोनदा बुडालं म्हणजे कुठपर्यंत पाणी आलं होतं? आंबा तर जुना आहे तिथे."

आता खरं सांगणं एवढंच बाकी होतं. एक वाक्य. मी ते वाक्य शोधत कपाटाकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभी होती. तिला सगळं एव्हाना कळलं होतं. ती म्हणाली, "सांगा. बाई उभी आहे."

मी सांगितलं. म्हणजे सुरुवात केली. मी एक खेळ खेळतो, त्यात गावं असतात, त्या गावांना मी इकडची नावं देतो, असं बरंच. जसजसं बोलत गेलो तसतसा माझा आवाज बारीक होत गेला. राजाचा शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाचा झाला. माझं संपलं तेव्हा त्याने मान डोलावली आणि अतिशय समजूतदारपणे म्हणाला, "कळलं साहेब. तुम्हाला बोलता येत नाही. आम्ही कुठेच तुमचं नाव घेणार नाही."

त्याला पटलंच नव्हतं. एका पोक्त सरकारी नोकराने आपलं अंग काढून घ्यायला इतकं फुटकळ कारण सांगावं, याचं त्याला उलट वाईट वाटलेलं दिसलं. मी गुप्तता पाळतोय असं समजून तो माझी इभ्रत राखत होता.

मग बायकोनेच लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला.

त्या सकाळी मी माझं राज्य उघडून दाखवलं. दोघांना खुर्च्यांवर बसवलं आणि स्वतः बाजूला उभा राहून, शाळेत न आलेलं गणित फळ्यावर सोडवावं तसा, एकेक गोष्ट बोटाने दाखवत गेलो. हे सिल्वासा. ही दुधनी, या होड्या. ही खेरडी. ढोल वाजायला लागले, कारण माझी पाळी आली होती. मी तो आवाज बंद करायला गेलो आणि घाबरून वाढवला. मग नदीच्या वळणावर गेलो. तिथे निळ्या पाण्यात बुडालेली इवलीशी घरं, आणि त्यावर देवनागरीत, मी स्वतः बसून टाइप केलेलं, रांधा.

त्याने पुढे वाकून ती अक्षरं बोट लावून वाचली. ज्वालामुखी कुठे आहे, त्याने विचारलं. मी दाखवला. धूर येत होता. त्याचा खांदा आधी हलला, मग तो हसला, मोठ्याने, डोळे पुसत. मलाही हायसं वाटलं, मीही हसायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "म्हणजे खरं रांधा कोरडं आहे."

मी हो म्हणालो.

"मग एजंटला फोन लावा. तुम्हीच सांगा. यांचं तो ऐकणार नाही, यांनीच नाही म्हटलंय."

फोन लावायला गॅलरीतच जावं लागलं. एजंट गुजराती. माझं गुजराती कचेरीपुरतं. मी म्हणालो की घर नाकारण्यामागे गैरसमज होता, पुराची माहिती खरी नव्हती. त्याने विचारलं, मग कुठली होती? आजूबाजूच्या गॅलऱ्यांत रविवार होता. कपडे वाळत घालणारे, पेपर वाचणारे, सगळे. मी शक्य तितक्या हळू सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी मात्र ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. गेम. कम्प्युटरवरचा गेम. होय, मीच खेळतो. नाही, नातू नाही.

एजंट हसला नाही. म्हणाला, साहेब, आंब्यावालं घर परवाच दुसऱ्यांना गेलं. तुमची पार्टी नाही म्हणाली म्हणून दिलं. त्याच गल्लीत मागच्या बाजूचं एक आहे, परस आहे, झाड नाही. बघायचं तर आजच या.

मी वळलो. ती गॅलरीच्या दारात होती. तिने ऐकलं होतं. माझ्या गॅलरीतलं सगळ्यांना सगळं ऐकू जातं. तिने पदराने उगाच हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, चला, ते तरी बघू.

त्यांनी ते घेतलं. चांगलं घर आहे, मी खरंच सांगतो, भिंती कोरड्या, परस लांब. पण मागे कुंपणापलीकडे आंबा दिसतो, आणि तो त्यांचा झाला असता. राहायला गेल्यावर त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्याच्या कारखान्यातले लोक आले होते आणि तो प्रत्येकाला माझी ओळख करून देऊन ज्वालामुखीची गोष्ट सांगत होता, दर वेळी थोडी वाढवून. चौथ्या वेळेपर्यंत मी त्यात मुकुट घातलेला होता. एरवी मला असा प्रेक्षक मिळाला असता तर मी दोन प्रवेश जास्तच केले असते. त्या दिवशी मी खालमानेने वरणबट्टी खाल्ली. तिने वाढताना माझ्या बट्टीवर तूप जरा जास्तच सोडलं, त्याने मला अधिकच कानकोंडं झालं.

मित्राला मी आता गॅलरीतून फोन करत नाही. कचेरीतून घरी येताना वाटेत, गाडी कडेला लावून बोलतो, आणि गेमला गेम म्हणतो. तो तिसरा विस्तार मात्र टाकाऊच आहे. त्या मतात बदल नाही. पुराचं गणित चुकलंय, कोणाही जाणकाराला विचारा.

परवा बायकोने तिच्याकडे ब्लाउजचं कापड देऊन मला पाठवलं. नवरा पाळीवर गेलेला. ती परसात होती, कुंपणाच्या तारा सैल झाल्या होत्या त्या ओढत होती. पलीकडे आंब्याला मोहोर होता आणि त्याखाली नव्या मालकांची खाट. मी कापड ओट्यावर ठेवलं आणि उभा राहिलो. शेवटी म्हणालो, ताई, माझ्यामुळे झालं.

ती तारेवर वाकलेली तशीच राहिली. "राग नाही भाऊ," ती म्हणाली. "पण दार उघडलं की तो आंबा दिसतो. रोज दिसतो."

तिने तारेचं टोक माझ्याकडे केलं. इथून धरा, म्हणाली, आणि घट्ट धरा, सुटली तर हाताला लागेल. ती पलीकडच्या खांबाकडे गेली आणि पिळायला लागली. मी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो, ती पुरे म्हणेपर्यंत.